रस्ता अकरा दिवस बंद होता

४ ऑगस्ट

दादास,

बेबीचा नमस्कार. फोनच करणार होते, पण फोनवर तू "लेखी पाठव" म्हणतोस आणि ठेवून देतोस, तेव्हा थेट लेखीच पाठवते. वहिनीच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही, म्हणजे तुला आठवलं तर.

काम असं की आमच्या कॉलेजच्या एका खेळाडूने कायदा मोडला आहे. नाव, वर्ग, खेळ, काही विचारू नकोस. मी शिस्त समितीची चिटणीस आहे, तोंडाला कुलूप आहे. हकीकत एवढीच की या पोराने नगरपालिकेच्या आवारातून "रस्ता बंद, काम चालू आहे" असे दोन बोर्ड उचलले आणि डेअरीमागच्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना रोज सकाळी पाच ते आठ लावून ठेवले. सरावाला मोकळा रस्ता हवा म्हणून. असे अकरा दिवस. आणि अकरा दिवसांत एका माणसाने विचारलं नाही की काम कसलं. बसवाल्यांनी मुकाट्याने मार्ग बदलला. नगरपालिकेच्या इंजिनीयरने तर कामाच्या प्रगतीचा अहवालही वर पाठवला, "समाधानकारक" म्हणून.

पोलिसांनी लेखी समज देऊन पुढचं कॉलेजवर सोपवलंय. आता प्राचार्यांनी आमची नियमावली काढायला सांगितली, तर त्यात खेळाडूंसाठी एकच नियम सापडला: स्पर्धा संपल्यावर बनियन धुऊन परत करावे. प्राचार्य माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही बनियनचा नियम मीच केलाय.

तू डेपोत चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतास. ड्रायव्हर-कंडक्टरांच्या शिस्तीचे नियम तूच लिहिलेस. खेळाडूने कायदा मोडला तर कॉलेजने काय करावं, याचा मसुदा आठ दिवसांत पाठव. पोरगा वाईट नाही रे. जरा सांभाळून लिही.

तुझी बेबी

९ ऑगस्ट

चि. बेबीस आशीर्वाद,

तुझं पत्र काल मिळालं, म्हणजे चार दिवस लागले. एवढ्या वेळात मी चालत आणून दिलं असतं. गुडघा आहे तसाच आहे.

अगं, रस्ता बंद? चोरी परवडली, मारामारी परवडली. चोर एका घराचं नुकसान करतो. रस्ता अडवणारा साडेसातच्या बसमधल्या बावन्न माणसांचा दिवस नासवतो, उभ्याने जाणारे वेगळे. माझ्या तोंडचं पाणी पळालं वाचून. पोरगा वाईट नाही म्हणतेस. मग वाईट कोणाला म्हणायचं, विमान पाडणाऱ्याला?

मसुदा सोबत जोडला आहे, सुवाच्य अक्षरात. तुला घाईत वाचायची सवय आहे म्हणून मुद्द्याचं इथेही सांगतो. कायदा मोडणाऱ्या खेळाडूला तो संपूर्ण हंगाम कुठल्याही स्पर्धेत उतरता येणार नाही, मग स्पर्धा कितीही मोठी असो. तो खेळतो किती चांगला, हे समितीने विचारात घ्यायचंच नाही. ते मी मुद्दाम खाली रेघ मारून लिहिलंय, कारण सगळी घाण तिथेच होते. पोरगा पदक आणतो म्हटलं की साहेबलोक विरघळतात. शिवाय ज्यांना त्रास झाला त्यांच्यासमोर त्याने उभं राहायचं. याच्या बाबतीत बस स्टॉप. तीस दिवस, सकाळी साडेसहा ते नऊ, बस धावत नाही तो सुट्टीचा दिवस सोडून. प्रत्येक प्रवाशाला स्वतःच्या तोंडाने सांगायचं, रस्ता मी बंद केला होता, चुकलं. आणि पहिल्या दिवशी पोराच्या बापानेही शेजारी उभं राहायचं. पोरगं असं निपजलं, तेव्हा हा गृहस्थ काय करत होता, ते लोकांना बघू दे.

हा सायकलवाला असणार, मी पैजेवर सांगतो. आमचे चिरंजीव तुमच्याच कॉलेजात आहेत. ते कंबर हलवत भराभर चालण्याची शर्यत करतात. आता हा काय खेळ झाला? इथे कोणी विचारलं तर मी फुटबॉल सांगतो. पण एक कबूल करतो, त्याच्या चालण्याने आजवर कोणाची बस चुकलेली नाही.

तुझा दादा

१६ ऑगस्ट

दादास,

तुझा मसुदा प्राचार्यांना इतका आवडला की त्यांनी तो समितीत उभं राहून वाचला. बापाचा नियम आला तेव्हा टाळ्या पडल्या. एकमताने मंजूर. मी "हंगाम" च्या जागी "दोन महिने" घालता येईल का म्हणून विचारून पाहिलं, तर प्राचार्य म्हणाले, "बाई, ज्याने हे लिहिलंय त्याला शब्दांची किंमत कळते." 

परवा हवालदाराची साक्ष झाली. तो म्हणाला, मी सकाळी तिकडे गेलो तर बोर्डामागे एक पोरगा एकटाच. मी ओरडलो, थांब. तो थांबला नाही. खेळाच्या सरांनी विचारलं, "पळाला?" हवालदार म्हणाला, "खोटं कशाला बोलू साहेब, पळत मी होतो. तो चालतच होता." अर्धा किलोमीटर हवालदार जीव खाऊन धावला आणि अंतर वाढतच गेलं. पोरगा मान वळवून सांगत होता, "काका, मी पळत नाहीये, फेरी संपली की थांबतो." शेवटी हवालदार छाती धरून बोर्डापाशी बसला. आणि पाच मिनिटांत तो पोरगा फेरी पूर्ण करून समोरून आला, आणि खरोखर थांबला. वर त्याला पाणीही दिलं. असा पकडला गेला.

प्राचार्यांनी पोराला विचारलं, अरे, पळायचं होतं तर पळून का नाही गेलास? तर म्हणतो, "सर, एक पाय कायम जमिनीला लागलेला पाहिजे. सवय मोडते."

दादा, हा परिच्छेद पुन्हा एकदा वाच. बसून वाच.

बेबी

२० ऑगस्ट

बेबी,

तो कंबर हलवत गेला का, एवढंच कळव.

नको कळवूस. मला कळलं. तुझ्या वहिनीला विचारलं तर तिला महिनाभरापासून ठाऊक आहे. म्हणाली, "तुम्ही इतके मन लावून नियम लिहीत होतात, मध्ये कशाला बोलायचं." या घरात माझ्याशी कोण खरं बोलतं, ते एकदा तपासलं पाहिजे.

मसुद्याची कच्ची प्रत पुन्हा पाहिली. पक्की करताना काही चुका राहून गेल्यात असं दिसतं. पहिल्या नियमात "शक्यतो" हा शब्द होता, तो गळला. "कितीही मोठी स्पर्धा" याच्या आधी "फारच मोठी नसेल तर" असं काहीसं माझ्या मनात होतं. आणि हे नियम पुढल्या वर्षापासून लागू करावेत, कोणतीही नवी व्यवस्था बसायला वर्ष लागतं. बापाच्या नियमाबद्दल काही म्हणत नाही. तो मी सहन करीन.

हे सगळं प्राचार्यांना सांग. मी सांगितलं असं सांगू नकोस.

दादा

२४ ऑगस्ट

दादास,

प्राचार्यांनी नियम छापून घेतलेत. सूचना फलकावर लागलेत, काचेच्या आत. तुझा "शक्यतो" मी कुठून घुसवू?

तुझ्यावर रागवायचं म्हटलं तरी चूक माझी आहे, ती कबूल करते. तू स्वतःच्या पोराला कधी सोडलं नाहीस, पण परक्या पोरांना नेहमी सोडलंस. दारू पिऊन आलेल्या कंडक्टरला तू स्वतः घरी पोचवून आलायस, तेही मला ठाऊक आहे. म्हणून मी म्हटलं, पोरगा कोणाचा हे कळलं नाही तर दादा मऊ लिहील. फक्त रस्त्याचं नाव घ्यायला नको होतं. तिथे मी माती खाल्ली.

आता काय पणाला लागलंय ते नीट ऐक. २१ सप्टेंबरला सगळ्या विद्यापीठांची स्पर्धा आहे, वीस किलोमीटर. त्याचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. पुन्हा या स्पर्धेत उतरता येणार नाही. खेळाचे सर म्हणतात, या वर्षी तो पहिला येऊ शकतो. तीन वर्षं तो हाच एक दिवस मोजतोय. आणि तुझ्या नियमाने तो दिवस गेला.

३१ तारखेला, रविवारी कॉलेज रिकामं असताना, अंतिम सुनावणी आहे. भाचा म्हणून मला त्या दिवशी बसता येणार नाही, तेव्हा मी लेकीकडे जाते, तिचे दिवस भरत आलेत. घराची किल्ली शेजारी आहे. तू ये. बाप म्हणून तुला बोलायला देतील. आणि गरज पडली तर सांग की नियम तू लिहिलेस आणि हंगाम म्हणजे तुला जानेवारीपासून पुढचा म्हणायचा होता. लिहिणाऱ्याने अर्थ सांगितला तर प्राचार्य मानतील. पोराला अजून माहीत नाही की लिहिणारा कोण.

बेबी

२७ ऑगस्ट

ती. बाबांस नमस्कार,

आत्या म्हणाली की तुम्हाला सगळं कळलंय. मीच आधी सांगायला हवं होतं. तीनदा पत्र लिहिलं आणि फाडलं, कारण "रस्ता बंद" एवढे शब्द लिहिले की तुमचा चेहरा दिसायचा.

मैदानावर फुटबॉलवाले असतात आणि रस्त्यावर ट्रक. दोनदा आरशाचा फटका बसला खांद्याला. तेव्हा ते बोर्ड नगरपालिकेच्या आवारात गवतात पडलेले दिसले. मला वाटलं, पहाटे तिथून कोण जातं? ते मी बघायला हवं होतं. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातल्या एक मावशी आहेत. त्या साडेसहाच्या बसने जातात. माझ्यामुळे अकरा दिवस त्या मोठ्या चौकात उतरून पायी गेल्या. त्यांचे पाय सुजतात. परवा त्यांनी मला कॉलेजच्या फाटकात गाठून असं झाडलं की मला वर बघता येईना.

तुम्ही येणार असाल तर या, पण माझ्यासाठी गयावया करू नका. मला वाईट वाटतंय, खोटं सांगत नाही. रात्री डोळे मिटले की वीस किलोमीटर दिसतात. पण नियम मी काचेपाशी उभं राहून पाच वेळा वाचले आणि त्यांत चूक सापडली नाही. ज्याने लिहिलेत त्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाचं माहीत नाही. भेटला तर विचारणार आहे, तू कधी कोणासाठी थांबलायस का म्हणून.

आईला सांगा, मी वेळेवर जेवतो.

तुमचा

मुलगा

५ सप्टेंबर

चि. बेबीस आशीर्वाद,

लेकीची तब्येत कळव. तुझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, नीट केलं. तुझ्या कॉलेजात तू रोज वेळेवर कशी पोचतेस याचं कोडं सुटलं.

सुनावणीचं सांगतो. मी चार पानी निवेदन लिहून नेलं होतं. हंगाम म्हणजे जानेवारीपासून, अगदी तू म्हणालीस तसं. पाठ केलं होतं. समोर प्राचार्य, खेळाचे सर, तो हवालदार, आणि कोपऱ्यात एक बाई पायातली चप्पल काढून बसलेल्या. पोराने पत्रात लिहिलं होतं त्याच, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातल्या. प्राचार्यांनी विचारलं तसं त्या म्हणाल्या, "पोरगा गोड आहे हो. शिक्षा नका करू फार. पण अकरा दिवस मला पोचायला उशीर झाला, आणि पेशंटांना पेज उशिरा मिळाली, ते कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं." एवढंच बोलल्या आणि पाय चोळत बसल्या.

मग माझी पाळी. प्राचार्य म्हणाले, "हंगाम या शब्दाबद्दल शंका निघाली आहे. लिहिणाऱ्याला काय अभिप्रेत होतं ते इथे कोण सांगणार?" मी उभा राहिलो. कागद हातात होता. समोर पोरगा खाली मान घालून बसलेला, त्या बाईंचे पाय दिसत होते, आणि मी म्हणालो, "हंगाम म्हणजे हंगाम. चालू हंगाम. हे मीच लिहिलंय."

बेबी, तोंडातून निघून गेलं. निघाल्याबरोबर मला ते परत गिळायचं होतं. पोराने मान वर करून माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "बाबा, तुम्ही?" मी हो म्हणालो. त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही, आणि माझी विचारायची छाती झाली नाही.

पहिल्या तारखेपासून स्टॉपवर उभे आहोत. नियमाप्रमाणे मी एकच दिवस उभं राहायचं होतं, पण मला घरी बसवेना. तो प्रत्येकाला सांगतो, रस्ता मी बंद केला होता, चुकलं. लोक काय वाटेल ते बोलतात. एका आजोबांनी त्याला विचारलं, आता पुन्हा कधी बंद करणार, आमच्या दारात फार शांत होतं. एक बाई म्हणाल्या, माझा नवराही असंच कबूल करील तर किती बरं होईल. मी आपला शेजारी उभा राहून, मी बाप, मी बाप, करत असतो. इथल्या बसचा नियंत्रक तर आनंदच आहे. साडेसातची सात चाळीसला आणतो आणि वर हसतो. त्याला मी दोन शब्द सुनावले.

तिसऱ्या दिवशी पोरगा हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा माफी मागताय." मग आम्ही चहा घेतला.

तुझा दादा

११ सप्टेंबर

दादास,

मुलगी झाली. दोघी ठणठणीत. तू आता आजोबा झालास, तेव्हा जरा तसं वाग.

तुझं पत्र वाचून आधी मला तुझा इतका संताप आला की लेकीने विचारलं, कोण गेलं? एक वाक्य बोलायचं होतं तुला. चार पानं पाठ केली होतीस. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि रडू आलं. आणि तू तिथे खोटं बोलला असतास तर मी तुला दादा म्हणाले नसते, असंही वाटून गेलं. माझंच मला कळत नाहीये.

२१ तारखेला रविवार आहे, स्टॉपवर जायचं नाही. तो दिवस त्याने एकट्याने घरात बसून काढू नये, एवढं बघ. बाकी तुझे नियम तुझ्यापाशी.

बेबी

२२ सप्टेंबर

बेबी,

हे पत्र वाचलंस की फाडून टाक. वहिनीलाही सांगू नकोस.

काल सकाळी मी त्याला उठवलं आणि म्हणालो, चल, मी वेळ धरतो. त्याने विचारलं, कसली? मी म्हटलं, वीस किलोमीटरची. नियमात स्पर्धेत उतरू नये असं आहे. बापासमोर चालू नये असं मी कुठेही लिहिलेलं नाही. गोदामांमागचा रस्ता सुट्टीच्या दिवशी मोकळाच असतो, बोर्ड लावायची गरज नाही. एक फेरी एक किलोमीटर. बरोबर सहा वाजता, म्हणजे तिकडे स्पर्धा सुटायच्या वेळेला, मी हात खाली केला. फेऱ्यांच्या रेघा भिंतीवर खडूने मारत उभा राहिलो.

मी त्याचं चालणं आजवर कधी पाहिलंच नव्हतं. तीन वर्षं लोकांना फुटबॉल सांगत होतो. पहिली फेरी चार मिनिटं वीस सेकंद. दुसरी चार वीस. मला वाटलं, माझं घड्याळ अडकलं. सातवी चार वीस. बारावी चार वीस. घामाने निथळत होता, ओठ पांढरे पडले होते, आणि कोपऱ्यावरून दिसायचा तो ठरल्या सेकंदाला. चौतीस वर्षांत मी एकही बस इतकी वेळेवर येताना पाहिलेली नाही. शेवटच्या तीन फेऱ्या मी त्याच्याबरोबर कडेने पळत होतो, काय ओरडत होतो देव जाणे. या वयात मला ते शोभलं नसेल. बघायला कोणी नव्हतं.

वीस फेऱ्या, एक तास सव्वीस मिनिटं चाळीस सेकंद. त्याने "किती?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, आधी श्वास घे, नीट लिहून सांगतो.

दहा वाजता तुझ्या घरी चहा पीत होतो, तेव्हा त्याच्या मित्राचा तिकडून निरोप आला. पहिला आलेल्याची वेळ एक तास अठ्ठावीस मिनिटं पाच सेकंद. त्याने तो निरोप मला वाचून दाखवला आणि विचारलं, "बाबा, माझी किती होती?"

तुला माहीत आहे, मी नोंदवहीत कधी अर्ध्या मिनिटाचा फेरफार केला नाही. साहेबांनी सांगून केला नाही, युनियनने धमकावून केला नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "एक तास साडेएकोणतीस. दुसरा-तिसरा आला असतास."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मग फार काही गेलं नाही बाबा." दोघांचे कप उचलले आणि विसळायला गेला. नळ सोडायच्या आधी त्याने मनगटावरचं घड्याळ सोडवलं आणि खिशात टाकलं. ते सकाळपासून त्याच्या हातावर होतं. प्रत्येक फेरीला तो त्याच्याकडे बघत होता, हे मला तेव्हा आठवलं.

मला इतकं वाईट वाटलं, आणि पोराचा इतका अभिमान वाटला, की कोणाला सांगावं ते कळेना. म्हणून तुला लिहितोय.

तुझा दादा